गोळी जुळली म्हणता, तर दाखवा

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग नीट चालू ठेवणारे मुकादम होते. चादरीच्या थानात दोष निघाला की मालक आधी त्यांना हाक मारायचे. वडील थान उजेडासमोर धरायचे, कापडावरून अंगठा सावकाश फिरवायचे आणि म्हणायचे, "सहा नंबरचा माग. फणीचा दात वाकलाय." फणी म्हणजे उभे धागे ज्यातून ओवलेले असतात ती कंगव्यासारखी पट्टी. तिच्या शेकडो दातांतला एक दात केसभर वाकला, तरी त्या मागावरून उतरणाऱ्या प्रत्येक कापडात त्याच जागी बारीक उभी रेघ पडत राहते. वडिलांचा अंदाज सहसा चुकत नसे. तरीही विणकराच्या मजुरीतून दंड कापायची वेळ आली, की ते त्याला मागापाशी घेऊन जायचे, त्याच्यासमोर हातभर कापड विणून घ्यायचे, नवा तुकडा आणि दोषाचा तुकडा शेजारी शेजारी अंथरायचे आणि म्हणायचे, "बघ आणि तूच सांग." विणकर वाकून बघायचा. बहुतेक वेळा मान डोलावायचा. एकदोनदा विणकराचं बरोबर निघालं आणि दंड माफ झाला, हेही मला आठवतं.

मी वकील झालो. गेली पंचवीस वर्षं सोलापूरच्या कोर्टात फौजदारी खटले चालवतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं. गोळीबाराच्या खटल्यात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा अहवाल येतो. कोर्टात आम्ही सगळेच त्याला सीए (केमिकल ॲनालायझर) रिपोर्ट म्हणतो. तो हातात घेतला की मला वडिलांचं ते थान आठवतं. मी पाहिलेले बहुतेक अहवाल दीड-दोन पानांचे. पाकिटांची यादी, सील शाबूत होतं का याची नोंद, आणि शेवटी निष्कर्षाची एक ओळ: अमुक पाकिटातली पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच) तमुक पाकिटातल्या पिस्तुलातून झाडलेली आहे. ते कशावरून ठरलं, कुठली खूण कुठल्या खुणेला मिळाली, दुसऱ्या कुणी ती स्वतंत्रपणे पडताळली का, यातलं काहीच नसतं. माग नंबर सहा, एवढंच कळवलेलं असतं. थान कुणी दाखवत नाही.

माझी मागणी साधी आहे. ज्या अहवालावर माणूस जन्मठेपेला जाऊ शकतो, त्या अहवालासोबत सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रं आणि तपासणीची टिपणं आली पाहिजेत, आणि बचाव पक्षानं मागितलं तर तपासणाऱ्या तज्ज्ञाचा उलटतपास झाला पाहिजे. तोवर 'जुळली' हा शब्द एका जाणकाराचं मत म्हणून वाचावा. आज तो कोर्टात, पोलीस ठाण्यात आणि वर्तमानपत्रात निकालासारखा वाचला जातो.

हे शास्त्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्यातली कारागिरी मला मनापासून आवडते, आणि मागावर वाढलेल्या माणसाला ती पटकन समजतेही.

रायफल, पिस्तूल किंवा रिव्हॉल्वरची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्यात मळसूत्रासारखे वळत जाणारे चर कोरलेले असतात. गोळी त्या चरांत किंचित घट्ट बसते, दारूच्या वायूच्या रेट्यानं पुढे ढकलली जाते आणि वळत वळत बाहेर पडते. भोवऱ्यासारखी फिरती राहिल्यामुळे ती हवेत गडबडत नाही, सरळ जाते. या प्रवासात नळीचे चर आणि त्यांच्यामधले उंचवटे गोळीच्या मऊ धातूवर उमटतात. चर किती, किती रुंद, उजवीकडे वळणारे की डावीकडे, हे गोळीवरून मोजता येतं. फ्रान्समधल्या लिआँ शहरात अलेक्सांद्र लाकासान्य या वैद्यकतज्ज्ञानं १८८९ साली मृतदेहातून काढलेल्या गोळीवर सात चर मोजून संशयिताच्या शस्त्राशी ताडून पाहिले होते.

गोळी उडून जाते, हाडाला लागून चेपते, भिंतीत फुटते. पितळेची पुंगळी मात्र जागेवर पडते आणि माझ्या मते तीच जास्त बोलते. तिच्या बुडाशी असलेल्या टोपीवर फायरिंग पिनचा खळगा असतो. बार उडाला की पुंगळी मागच्या पोलादी पाठीवर जोरात आदळते, त्या पाठीवरचे कानशीचे ओरखडे तिच्या बुडावर छापले जातात. पुंगळीला ओढून काढणारा आकडा तिच्या कडेवर ओरखडा ठेवतो, बाहेर फेकणारा दांडा आणखी एक ठेवतो. रिव्हॉल्वरच्या पुंगळ्या चक्रीतच राहतात, म्हणून रिव्हॉल्वरच्या गुन्ह्यात जागेवर पुंगळी न सापडणं यात नवल काहीच नसतं. जप्तीत आलेलं शस्त्र प्रयोगशाळेत पाण्याच्या टाकीत किंवा कापसाच्या पेटीत झाडतात, म्हणजे गोळी खराब न होता हाती लागते. मग गुन्ह्यातली पुंगळी आणि चाचणीतली पुंगळी जोड-सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या. दोन नळ्या, मधे एक पूल, डोळ्याला एकच वर्तुळ दिसतं आणि वर्तुळाच्या मधोमध एक रेषा. डावीकडे गुन्हा, उजवीकडे चाचणी. या अर्ध्यातले ओरखडे रेषा ओलांडून त्या अर्ध्यात सलग गेले, तर खूण मिळाली. न्यूयॉर्कमध्ये १९२५ च्या सुमारास फिलिप ग्रॅव्हेल आणि कॅल्व्हिन गॉडर्ड यांनी हे यंत्र बंदुकीच्या कामाला जुंपलं. शंभर वर्षं झाली, मूळ पद्धत तीच आहे.

खरी अडचण असते ती कुठली खूण किती बोलते, हे ठरवण्यात. आमच्या चादरीवर जकार्डची नक्षी असते, मोर किंवा वेलबुट्टी. ती जकार्डच्या पुठ्ठ्यांवरून येते. तसे पुठ्ठे लावलेले माग शहरात ढिगानं आहेत, त्यामुळे नक्षीवरून कारखान्यांचा एक गट कळेल, माग कळणार नाही. चरांची संख्या, वळण, गोळीचा व्यास ही अशी नक्षी आहे. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असतात, ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. पंचनाम्यात '८ एमएम केएफ' असं लिहिलेलं आपण कितीतरी वेळा वाचतो. आरोपीच्या घरातलं काडतूसही केएफ आणि जागेवरची पुंगळीही केएफ, म्हणून दोन्ही एकच, असा युक्तिवाद मी भर कोर्टात ऐकला आहे. पूर्व भागातल्या दोन घरांत सोलापुरी चादर निघाली, तर दोन्ही घरं एकाच माणसाची ठरतील का? वाकलेला दात ही दुसऱ्या जातीची खूण. ती त्या मागाचीच. आणि या दोघींच्या मधे तिसरी एक खूण असते, सगळ्यांत फसवी. समजा फण्यांच्या एका खेपेतच दोष असला, तर दहा मागांवर सारखीच रेघ पडेल आणि जॉबर शपथेवर सांगेल की माग सहा नंबरचाच. कारखान्यात एकाच हत्यारानं लागोपाठ कापलेल्या नळ्यांवर, एकाच कानशीनं घासलेल्या पाठींवर अशाच सारख्या खुणा राहू शकतात. ही खूण खेपेची की या एकाच पिस्तुलाची, हे तज्ज्ञाला नजरेनं ठरवावं लागतं. नजर मुरलेली असली तरी ती माणसाचीच असते.

आता आपल्याकडच्या शस्त्रांचा विचार करा. आपल्या जिल्ह्यात परवान्याची हत्यारं म्हणजे बहुतेक करून शेतकऱ्याची बारा बोर, जुन्या घरातली ठासणीची, कुणा पुढाऱ्याचं .३२ चं रिव्हॉल्वर. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा होतात, निकाल लागला की परत मिळतात. बारा बोरची नळी आतून गुळगुळीतच असते आणि तिच्यातून छर्रे सुटतात, म्हणजे गोळीवरचे चर हा विषयच संपला. गुन्ह्यात जे शस्त्र निघतं ते बहुतेकदा गावठी. कट्ट्याची नळी कधी पाण्याच्या पाइपची, कधी गाडीच्या स्टिअरिंगच्या दांड्याची. आत मळसूत्र नाही. गोळी नळीत सैल बसते, डगमगत जाते, एका बाराला या बाजूनं घासते तर दुसऱ्या बाराला त्या बाजूनं. फायरिंग पिनच्या जागी घासून बसवलेला खिळा असतो, तो चार-दोन बारांत झिजतो, वाकतो. कधी कधी मालकच बदलून टाकतो. चांगल्या कंपनीच्या पिस्तुलावर बसवलेले आडाखे या लोखंडाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी गावठी शस्त्राची ओळख पटूच शकत नाही असंही नाही. उत्तर प्रदेशातल्या कलुआ खटल्यात खाटेजवळ सापडलेली पुंगळी आरोपीनं काढून दिलेल्या गावठी पिस्तुलाशी मिळाली आणि सर्वोच्च न्यायालयानं त्या पुराव्यावर शिक्षा कायम केली. हातानं घासलेल्या लोखंडावरच्या खुणा कधी कधी कारखान्याच्या मालापेक्षा जास्त वेगळ्या असतात. पण म्हणूनच त्या कशा दिसत होत्या, हे दाखवणं इथे जास्त गरजेचं आहे.

प्रयोगशाळेचा टेबल ही शेवटची पायरी. मी जे खटले चालवले, त्यातले निम्मे त्या टेबलापर्यंत पोहोचायच्या आधीच बिघडलेले होते. पुंगळ्या जागेवरून उघड्या हातानं उचललेल्या. तीन पुंगळ्या एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रवासभर एकमेकींवर घासत गेलेल्या. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये कापडात गुंडाळून दिलेली गोळी, तिच्या अंगावर दातेरी चिमट्याचे ताजे ओरखडे. गोळी खरं तर बोटानं किंवा टोकाला रबर लावलेल्या चिमट्यानंच काढायची असते आणि खूण करायची ती बुडावर, कधीही अंगावर नाही. एका खटल्यात पंचनाम्यात पुंगळ्या दोन होत्या, प्रयोगशाळेच्या पोचपावतीत तीन. तिसरी कुठून आली, हे तपासी अंमलदाराला अखेरपर्यंत सांगता आलं नाही. दोन्ही पंच केव्हाच फितूर झाले होते.

यात एक बारकावा आहे, तो वकिलांनीही लक्षात ठेवायला हवा. पिस्तूल आणि जागेवरच्या पुंगळ्या दोन्ही एकाच ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहिल्या, तर त्या पिस्तुलातून नवा बार काढून पुंगळी बदलली गेली नाही, हे कशावरून? मी तसं झालं म्हणत नाही. झालं नाही हे सिद्ध करायची सोय मात्र आपण हातानं घालवतो. जागेवरच्या पुंगळ्या त्याच दिवशी सीलबंद होऊन, आरोपी पकडला जायच्या आणि पिस्तूल सापडायच्या आधीच प्रयोगशाळेत जमा झाल्या, तर हा संशय घ्यायला कुणाला जागाच उरत नाही. सोलापुरात ते अवघड का, तेही मला माहीत आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक खटल्यात शस्त्राचा मुद्देमाल जिल्ह्याबाहेर गेला. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये मांडीवर लाखेचं सील असलेलं पुडकं घेऊन बसलेला हवालदार मी पाहिला आहे. डुलकी लागली तरी त्याचा हात पुडक्यावरून हलत नव्हता. सकाळी मुंबईत उतरून कलिन्याच्या प्रयोगशाळेच्या खिडकीवर उभं राहायचं, सीलच्या नमुन्यात किंवा पत्रात काही कमी असलं तर पुडकं घेऊन परत यायचं. एवढ्यासाठी माणूस दोन दिवस ठाण्याबाहेर. म्हणून ठाणी मुद्देमाल साठवतात आणि एकदाच पाठवतात. दोष त्या हवालदाराचा नाही.

आरोपीच्या हातांचीही एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या शहराला लागू पडते. गोळी झाडणाऱ्याच्या हातावर दारूचे कण बसतात. पूर्वी ते शोधायला हातावर वितळलेलं मेण ओतत आणि त्यात नायट्रेट निघालं की माणूस गुन्हेगार. पुढे कळलं की नायट्रेट खतातही असतं, तंबाखूतही असतं. पूर्व भागातल्या हजारो बाया दिवसभर सुपात तंबाखू घेऊन विड्या वळतात, आणि बार्शी-मोहोळचा शेतकरी हातानं खत फेकतो. या चाचणीनं अर्धा जिल्हा बंदूकबाज ठरला असता. ती चाचणी जगानं टाकून दिली. आता शिसं, बेरियम आणि अँटिमनी एकाच कणात आहेत का, ते पाहतात. हे जास्त भरवशाचं आहे, पण ते कण काही तासांत हातावरून झडून जातात. तिसऱ्या दिवशी अटक झालेल्या आरोपीच्या हाताचे बोळे पाठवून 'कण आढळले नाहीत' असा अहवाल आणला, तर त्यातून ना आरोपी सुटतो ना अडकतो. एके काळी ज्या चाचणीवर लोकांची पूर्ण श्रद्धा होती, ती अशी गेली, एवढं ध्यानात असू द्यावं.

नजरेवर विसंबण्याची किंमत काय असते, ते न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतमजुरानं भोगलं. १९१५ साली चार्ल्स स्टीलो नावाच्या या निरक्षर माणसाच्या मालकाचा खून झाला. स्वतःला तज्ज्ञ म्हणवणाऱ्या एका गृहस्थानं साक्ष दिली की स्टीलोच्या रिव्हॉल्वरच्या तोंडाशी नऊ ओरखडे आहेत आणि तेच गोळीवर आहेत. ज्यूरीला ते ओरखडे दिसत नव्हते, पण साहेबांना दिसतात म्हणजे असणारच. मृत्युदंड झाला आणि तो अंमलात यायला तासाभराचाही अवधी उरला नव्हता, तेव्हा स्थगिती आली. नंतर खऱ्या जाणकारांनी तेच शस्त्र झाडून पाहिलं, गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, आणि खुनातल्या गोळ्या स्टीलोच्या रिव्हॉल्वरमधून सुटलेल्याच नव्हत्या. १९१८ साली स्टीलो सुटला. त्या चौकशीत असलेल्या चार्ल्स वेट यांनी मग बंदुकांच्या कारखान्यांतून फिरून चरांची मापं गोळा केली आणि त्यातूनच ग्रॅव्हेल, गॉडर्ड ही न्यूयॉर्कची मंडळी एकत्र आली. आज आपण ज्याला बॅलिस्टिक्स म्हणतो, ते शास्त्र न दाखवता जुळवलेल्या एका गोळीची चूक दुरुस्त करता करता उभं राहिलं आहे.

अमेरिकेत या शास्त्राची झाडाझडती अजून चालू आहे. त्यांच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २००९ मध्ये म्हटलं, की 'जुळली' म्हणायला किती साम्य पुरे याची नेमकी व्याख्याच या व्यवसायाकडे नाही. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळानं पाहिलं, तेव्हा नीट आखलेली चाचणी त्यांना एकच सापडली. तिच्यात २१८ तपासनीस होते. वेगवेगळ्या पिस्तुलांच्या पुंगळ्यांबाबत त्यांनी जी ठाम उत्तरं दिली, त्यात साधारण दर ६६ मागे एक चूक निघाली आणि खरा आकडा ४६ मागे एक इतकाही असू शकेल असं मंडळानं नोंदवलं. 'सांगता येत नाही' ही उत्तरं हिशेबात कशी धरायची यावर तिथे अजून वाद आहे. तपासनीस म्हणतात आम्ही याहून कितीतरी अचूक आहोत, आणि पुढच्या काही चाचण्या त्यांच्या बाजूनं बोलतात. जून २०२३ मध्ये मेरीलँड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मधला मार्ग काढला: खुणा या शस्त्राशी सुसंगत आहेत इतकं तज्ज्ञानं सांगावं, गोळी याच शस्त्रातून सुटली असं छातीठोक सांगू नये.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. आपल्या दोन बाजूंना पाहा. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. बेकायदा शस्त्रांच्या वेगळ्या प्रकरणात त्याच दिवशी पकडलेल्या दोघांकडचं पिस्तूल जागेवरच्या पुंगळ्यांशी मिळतं असा अहवाल आला आणि जानेवारी २०१४ मध्ये त्यांना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. त्यांच्यावर आरोपपत्र दाखलच झालं नाही आणि त्यांना जामीन मिळाला. मग २०१५ मध्ये कोल्हापुरात झालेल्या गोळीबारात कॉम्रेड गोविंद पानसरे गेले, त्याच वर्षी धारवाडला एम. एम. कलबुर्गी. तिन्ही ठिकाणच्या गोळ्या-पुंगळ्यांवर मुंबई आणि बंगळुरूच्या प्रयोगशाळांची मतं जुळेनात. तेव्हा सीबीआयनं उच्च न्यायालयात सांगितलं की आता स्कॉटलंड यार्डचं मत घेतो. ते झालं नाही आणि पुडकी गुजरातच्या प्रयोगशाळेकडे गेली. मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली, ते दोघे वेगळेच होते आणि त्या निकालात प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीला मोठं वजन होतं. या काळात महाराष्ट्रातल्या विचारी माणसांनी अकरा वर्षं वाट पाहिली. दोन सरकारी प्रयोगशाळांत मतभेद होणं ही शरमेची गोष्ट नाही, डॉक्टरांतही होतात. पण दोघींची छायाचित्रं पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी ठेवता आली असती, तर मतभेद नेमका कुठल्या ओरखड्यावर आहे हे तरी कळलं असतं.

कायदा काय म्हणतो? पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३ आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३२९ सारखंच आहे. ठरावीक सरकारी तज्ज्ञांचा अहवाल, तज्ज्ञाला न बोलावता, थेट पुरावा म्हणून वाचता येतो. त्या यादीत मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक आहेत, बोटांच्या ठशांचे प्रमुख आहेत आणि न्यायसहायक प्रयोगशाळेचे संचालक, उपसंचालक, सहायक संचालकही आहेत. न्यायालयाला वाटलं तर तज्ज्ञाला बोलावता येतं. पण तसं वाटायला अहवालात काहीतरी असावं लागतं, आणि एका ओळीच्या निष्कर्षात वाटण्यासारखं काय असणार? विषाची मात्रा किंवा दारूतलं अल्कोहोल यंत्रानं मोजलेलं असतं, आकडा असतो. तिथे ही सवलत मला मान्य आहे. पुंगळीवरच्या ओरखड्यांना आकडा नसतो, त्याला माणसाची नजर असते. दोघांना एकच नियम लावणं चूक आहे.

सरकारी वकील मित्र यावर मला दोन गोष्टी ऐकवतात. पहिली: तज्ज्ञ मोजके, खटले ढीगभर, ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसले तर प्रयोगशाळेत काम कोण करणार? ही अडचण खरी आहे. पण नव्या संहितेनं दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्याची वाट मोकळी केली आहे, आणि छायाचित्रं आधीच हातात असली तर निम्मे वकील उलटतपास मागणारही नाहीत. दुसरी: साक्षीदार फितूर होतात, पंच उलटतात, भीतीनं गाव गप्प बसतं, मग बोलायला ती पुंगळी तेवढी उरते, तिच्यावरही तुम्ही शंका घेणार? हे मला जास्त लागतं, कारण मेलेल्या माणसाची आई कोर्टाच्या बाकावर बसलेली मीही पाहिली आहे. पण ती पुंगळीच शेवटचा आधार असेल, तर तिला उघड्यावर तपासून पक्की करणं सरकार पक्षाच्याच हिताचं आहे. सुखवंत सिंग खटल्यात पिस्तूलही सापडलं होतं आणि पुंगळीही, पण दोन्ही तज्ज्ञाकडे पाठवलीच नाहीत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात त्या आळसाचा फायदा आरोपीला मिळाला.

आणि तज्ज्ञांविषयी एक. दिल्लीतल्या जेसिका लाल खून खटल्यात शस्त्र कधीच मिळालं नाही, हाती होत्या फक्त .२२ च्या दोन पुंगळ्या. शस्त्र समोर नसताना पक्कं मत देता येत नाही, असं म्हणणाऱ्या तज्ज्ञावर पुढे खोट्या साक्षीची कारवाई निघाली. ती सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये रद्द केली, ते योग्यच झालं. 'सांगता येत नाही' म्हणणारा तज्ज्ञ मला 'जुळली' म्हणणाऱ्याइतकाच मोलाचा वाटतो. ज्या व्यवस्थेत हे तीन शब्द उच्चारायला धैर्य लागतं, तिथे 'जुळली' स्वस्त होते. दुसऱ्या तपासनिसाला पहिल्याचं मत, गुन्ह्याची हकिगत आणि आरोपीचं नाव न सांगता पुंगळ्या द्याव्यात, हेही मला त्यासाठीच हवं आहे.

नव्या संहितेत दोन दारं उघडी आहेत. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं जागेवर गेलंच पाहिजे, असं कलम १७६ म्हणतं आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. सोलापुरात याचा अर्थ असा, की अक्कलकोट किंवा सांगोल्याच्या रानात पुंगळी सापडली, तर ती कुठे होती, कुणी उचलली, वेगळ्या डबीत ठेवली का आणि लाख कधी लागली, हे मोबाइलवर दिसलं पाहिजे. खर्च फार नाही. सवय लागायला हवी.

चार हुतात्मा पुतळ्यासमोरून जाताना मला नेहमी वाटतं, या शहरानं घाईच्या न्यायाचा अनुभव घेतलेला आहे. ८ मे १९३० चा गोळीबार, मग मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन. पोलिसांना मारल्याचा आरोप होता. पुराव्याची खातरजमा करा म्हणणारा आवाज तेव्हा ऐकला गेला नाही. आजचं राज्य आपलं आहे, म्हणून आज तो आवाज मोठ्यानं काढता येतो.

गेल्या वर्षी एका खटल्यात मी छायाचित्रांसाठी अर्ज केला. सरकार पक्षानं विरोध केला, न्यायाधीशांनी अर्ज मंजूर केला, आणि दोन महिन्यांनी एक जाड पाकीट आलं. आम्ही तिघं टेबलाशी वाकलो. मधली काळी रेषा, डावीकडे जागेवरची पुंगळी, उजवीकडे चाचणीची. पिनच्या खळग्याच्या काठाला तुटक्या नखासारखा एक कंगोरा होता आणि त्याच्या खाली पाच ओरखडे, दोन जाड, एक बारीक, पुन्हा दोन जाड. पाचही ओरखडे मधली रेषा ओलांडून पलीकडे सरळ गेले होते. मी भिंग मागितलं, पुन्हा पाहिलं, दुसरं छायाचित्र पाहिलं. त्या संध्याकाळी तुरुंगात जाऊन अशिलाला सांगितलं, की पिस्तूल हेच होतं यावर मी आता वाद घालणार नाही, ते कुणाच्या हातात होतं यावर घालेन. त्यानं ते छायाचित्र मागून घेतलं आणि जाळीपाशी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला.